बूट हातात, स्की विमानाच्या पोटात

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असते आणि इथली स्कीवेडी कुटुंबं तेव्हा पश्चिमेकडे निघतात. त्यातलंच एक आमचं. एडिसनहून निघायचं, न्यूअर्कला विमान पकडायचं, सॉल्ट लेक सिटीला उतरायचं आणि तिथून युटा राज्यातलं पार्क सिटी हे स्कीचं गाव गाठायचं. नवरा, मी, दोन मुलं, आणि हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आलेल्या असतील तर त्याही. जानेवारी लागला की मैत्रिणींचे फोन सुरू होतात. स्की इथून नेता की तिथे भाड्यानं घेता, बुटांचं काय करता, मुलांचे कपडे किती घेता, विमानवाले जास्तीचे पैसे लावतात का. प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

माझं सगळं पॅकिंग एका अटीवर चालतं. चेक-इन केलेली एकही बॅग पोचली नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या प्रत्येकाला बर्फावर उभं राहता आलं पाहिजे. डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टचे पास आधीच घेतलेले असतात, मुलांच्या स्की स्कूलचे पैसे भरलेले असतात, आणि त्या आठवड्यात खोलीचं भाडंही चढलेलं असतं. फेब्रुवारीत हिमवादळं येतात, विमानं लांबतात, कनेक्शन चुकतं, बॅगा मागे राहतात. पहिला दिवस डोंगरावर जाणार की हॉटेलच्या लॉबीत बॅगेची वाट बघण्यात, हे निघायच्या आदल्या रात्री घरातच ठरतं. त्यामुळे कुठली वस्तू कुठल्या बॅगेत जाणार हे मी दर वेळी याच अटीवरून ठरवते.

आधी बूट

स्कीच्या गावात जवळजवळ सगळं भाड्यानं मिळतं. स्की, पोल म्हणजे हातातल्या काठ्या, हेल्मेट, हल्ली जॅकेट आणि पँटसुद्धा. मिळत नाही तो आपल्या पायाला बसलेला बूट. स्कीच्या बुटाला बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच असतं आणि आत जाड, मऊ अस्तर. ते अस्तर वापरता वापरता पायाचा आकार घेतं. चांगल्या दुकानात ते गरम करून पायावर बसवूनही देतात. भाड्याच्या बुटाचं अस्तर भलत्यांच्याच पायांनी दबलेलं असतं. टाच आत हलली की स्की सांगितलेलं ऐकत नाही, नडगीवर दाब आला की मूल सकाळी दहालाच रडकुंडीला येतं, आणि मग त्या दिवशी त्याला कोणी परत बर्फावर नेऊ शकत नाही. पैसे घालायचेच असतील तर आधी बुटात घाला, स्कीचं पुढे बघता येईल.

मुलांचे पाय वाढतात, दर वर्षी नवे बूट कसे परवडणार, हा प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या भागातली स्कीची दुकानं थंडी पडायच्या आधीच सीझन लीज देतात. म्हणजे अख्ख्या हिवाळ्यासाठी मुलाच्या मापाचे बूट आणि स्की, आणि हिवाळा संपला की परत. माउंटन क्रीक किंवा पोकोनोजमधलं कॅमलबॅक अशा घराजवळच्या स्कीच्या डोंगरांवर तेच बूट घालून मुलांचा सराव झालेला असतो, मग युटालाही तेच बूट नेते. माप घेताना ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. शाळेच्या बुटांना ते चालून जातं, स्कीच्या बुटांना अजिबात नाही. मोठ्या बुटात मुलाला स्कीवर ताबाच मिळत नाही. ही मापं मोंडोपॉइंटमध्ये असतात, म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. २२.५, २६.५ अशी. घरी भिंतीला टाच टेकवून उभं राहा आणि अंगठ्याच्या टोकापर्यंत मोजा, दुकानात जायच्या आधीच अंदाज येईल.

बूट भरायची माझी रीत सांगते. आधी आत हात घालून ते पूर्ण कोरडे आहेत ना हे बघायचं, अगदी बोटांच्या टोकापर्यंत. मग मोज्यांची घट्ट गुंडाळी करून ती पंज्यात सरकवायची, तिच्यामागे हातमोजे, आणि उरलेल्या पोकळीत हात गरम करायच्या पुड्या. आता सगळी बकलं पहिल्या खाचेत अडकवायची आणि वरचा रुंद पट्टा बंद करायचा. बकलं उघडी राहिली तर कवच फाकतं, शिवाय उघडं बकल कशात तरी अडकून वाकतं, आणि वाकलेलं बकल डोंगरावर नीट होत नाही. दोन्ही बूट उलटसुलट ठेवायचे, एकाची टाच दुसऱ्याच्या पंज्याशी. मोठ्या माणसाची जोडी चार किलोच्या आसपास भरते, मुलांची त्याहून बरीच कमी. बूट ठेवायला पाठीवरच्या खास बॅगा मिळतात. मऊ कापडाची असेल तर ती विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जाते. पण इथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचं केबिन बॅगेचं माप २२ बाय १४ बाय ९ इंच आहे आणि बाजारातल्या काही बुटांच्या बॅगा त्याहून मोठ्या असतात. टेप लावून मोजल्याशिवाय विकत घेऊ नका. सुरक्षा तपासणीत स्कीचे बूट हातात चालतात. पोल मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ते चेक-इनमध्येच टाकावे लागतात.

म्हणून तिकीट काढतानाच एक गोष्ट तपासा. युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमी तिकिटावर देशांतर्गत प्रवासात फक्त पुढच्या सीटखाली मावेल एवढीच पिशवी नेता येते, डोक्यावरच्या कप्प्याची बॅग नाही. स्वस्त म्हणून असं तिकीट काढलं की बूट खाली द्यावे लागतात आणि वाचलेले पैसे बॅगेच्या शुल्कात जातात. स्कीच्या सहलीला मी बेसिक इकॉनॉमी घेत नाही.

बुटांबरोबर हातात आणखी काय

हेल्मेट हातातच. त्याच्या आतला फोम एक जोराचा दणका सोसण्यासाठी असतो. चेक-इनमध्ये त्याच्यावर जड बॅग आदळून आतून तडा गेला तर बाहेरून काही दिसत नाही, आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी ते डोकं वाचवणार नाही. हेल्मेटच्या पोकळीत गॉगल्स ठेवायचे, गळ्याभोवती घालायच्या मऊ कापडी नळीत गुंडाळून. काचेवर ओरखडा येत नाही आणि दोन वस्तूंची जागा एकातच होते. मग हेल्मेटचा पट्टा बॅगेच्या कडीला बाहेरून अडकवायचा. मुलांनाही त्यांचं हेल्मेट त्यांनीच सांभाळायचं असतं हे पहिल्या सहलीपासून सांगितलं, की ते आपणहून करतात.

प्रत्येकाचा एक दिवसाचा पूर्ण जोड, म्हणजे थर्मलचा वरचा-खालचा भाग, एक फ्लीस म्हणजे मऊ, ऊबदार जॅकेट, एक मोज्यांची जोडी, असा झिपलॉक पिशवीत हवा काढून भरते आणि पिशवीवर नाव लिहिते. स्की पँट गुंडाळून त्याच बॅगेत. जॅकेट अंगावर. बर्फात चालायचे बूट पायात, कारण बॅगेत तेच सर्वांत जास्त जागा खातात. जुलै २०२५ पासून अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणीसाठी सरसकट बूट काढावे लागत नाहीत, त्यामुळे मुलांच्या लेस सोडण्या-बांधण्याचा वेळही वाचतो.

पॉवर बँक, आणि गरम होणारे हातमोजे किंवा मोजे असतील तर त्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकायच्याच नाहीत, हा सुरक्षेचा नियम आहे. विमान भरलेलं असेल आणि गेटवर ‘तुमची बॅग खाली द्या’ म्हणाले, तर द्यायच्या आधी या बॅटऱ्या काढून घ्याव्या लागतात. मी त्या सगळ्या एका छोट्या लाल पाउचमध्ये ठेवते, म्हणजे गेटवर बॅग उपसत बसावं लागत नाही. त्या पाउचबरोबर औषधं आणि मुलांचे चष्मेही बाहेर येतात.

स्की न्याव्यात का?

चार-पाच दिवसांची सहल असेल आणि घरात कोणी पक्का स्कीवाला नसेल, तर नेऊ नका. पैशापेक्षा मोठं कारण बर्फाचं आहे. इकडे पूर्वेला बर्फ कडक, बऱ्याचदा चकचकीत. त्यासाठी अरुंद स्की लागतात. युटाचा बर्फ कोरडा, भुसभुशीत, आणि रात्रीत फूटभर पडला तर त्यावर तरंगायला मधल्या भागात ९५-१०० मिलिमीटर रुंदीची स्की बरी पडते. ती तिथल्या दुकानात मिळते. वाटलं तर दुसऱ्या दिवशी बदलूनही देतात.

भाड्याच्या स्की घरूनच बुक करा. दुकान वजन, उंची, वय आणि स्कीइंग किती येतं हे विचारतं, कारण बुटाला धरून ठेवणारी पकड, म्हणजे बाइंडिंग, किती ताकदीला सुटली पाहिजे हे त्यावरूनच ठरतं. इथे खरंच सांगा. वजन पाच किलो कमी सांगू नका आणि येतं त्यापेक्षा जास्त येतं असंही सांगू नका. पडल्यावर स्की सुटली नाही तर पीळ गुडघ्याला बसतो. स्वतःचे बूट नेत असाल तर टाचेजवळ कवचावर मिलिमीटरमध्ये एक आकडा कोरलेला असतो, ३०५, ३१५ असा. ती बुटाच्या तळाची लांबी. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. तळावर ग्रिपवॉक असं लिहिलं असेल तर तेही दुकानदाराला सांगा, कारण असा तळ प्रत्येक बाइंडिंगमध्ये बसत नाही. आणि स्की घ्यायला जाताना बूट बरोबर न्या; ते बघितल्याशिवाय कोणीही बाइंडिंग लावून देणार नाही. बरीच दुकानं आदल्या दिवशी दुपारनंतर स्की देतात आणि त्या दिवसाचं भाडं धरत नाहीत. विमानतळावरून थेट दुकान, मग हॉटेल. सकाळच्या रांगेत मुलांना ताटकळत ठेवू नका.

माझ्या नवऱ्याचं मात्र स्वतःच्या स्कीशिवाय पान हलत नाही, त्यामुळे आमच्याकडे एक स्कीची बॅग असतेच. चाकं असलेली, दोन जोड्या मावणारी घ्या. स्की पूर्ण पुसून कोरड्या करा, तळाला तळ लावा, ब्रेक एकमेकांत अडकवा आणि दोन ठिकाणी पट्ट्यानं घट्ट बांधा. शेंडा आणि शेपूट, दोन्ही टोकांना जुन्या टॉवेलची वळकटी बांधा, कारण बॅग आपटते ती टोकावरच आणि फाटते तीही तिथेच. बाइंडिंगच्या आजूबाजूला फुगीर कपडे ठासा, फ्लीस, जास्तीची स्की पँट, पोलही तिथेच. तीक्ष्ण कडांशी चांगलं जॅकेट ठेवू नका. माझ्या अटीत बसणारे कपडे या बॅगेत जात नाहीत. इथे फक्त तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे.

भरून झालं की वजन. सर्वसाधारण मर्यादा ५० पाउंड, म्हणजे २३ किलो. बाइंडिंगसकट मोठ्या माणसाची एक जोडी पाच-सहा किलो, रिकामी बॅग तीन-चार किलो, म्हणजे दोन जोड्यांनंतर कपड्यांना थोडीच जागा उरते. हातात धरायचा वजनकाटा या लांब बॅगेला नीट लागत नाही. बाथरूमच्या काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग बॅग उचलून उभं राहा आणि वजाबाकी करा.

युनायटेड, डेल्टा, अमेरिकन यांसारख्या मोठ्या कंपन्या एक स्कीची बॅग आणि एक बुटांची बॅग मिळून एकच नग धरतात, दोन्हींचं एकूण वजन मर्यादेत असेल तर. लांबीचे जास्तीचे पैसेही सहसा लागत नाहीत. पण बुटांच्या बॅगेत बूट आणि हेल्मेटच हवं. साबण, जीन्स, पुस्तकं निघाली तर ती वेगळी बॅग म्हणून धरू शकतात. साउथवेस्टच्या दोन फुकट बॅगांच्या भरवशावर कोणी असेल, तर ती सवलत २८ मे २०२५ पासूनच्या बुकिंगला सरसकट राहिलेली नाही. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी कंपनीच्या साइटवरचं स्कीच्या सामानाचं पान फोनमध्ये जपून ठेवा. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते पान दाखवलं की काम लवकर होतं.

विमानतळावर या बॅगेला टॅग लागला तरी ती बहुतेकदा आपल्यालाच ओव्हरसाइजच्या, म्हणजे मोठ्या सामानाच्या खिडकीशी नेऊन द्यावी लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. उतरल्यावर ती नेहमीच्या पट्ट्यावर न येता ओव्हरसाइजच्या दाराशी येते, तेव्हा पट्ट्यापाशी ताटकळत उभं राहू नका. आत एअरटॅग, म्हणजे बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती टाका, आणि नाव, फोन, तिथल्या मुक्कामाचा पत्ता लिहिलेला कागदही. बाहेरचा टॅग फाटतो, आतला कागद राहतो.

एका वर्षी कनेक्शनच्या विमानतळावर बर्फ पडत होता आणि आमची स्कीची बॅग तिथेच राहिली. एअरटॅग ती तिथेच असल्याचं दाखवत होता. विमानतळ सोडायच्या आधी आम्ही तक्रार नोंदवली, पावती घेतली, आणि संध्याकाळी दुकानातून नवऱ्यासाठी एक जोडी भाड्यानं घेतली. बूट त्याच्या पाठीवरच होते, पंधरा मिनिटांत बाइंडिंग लावून मिळालं. सकाळी पहिल्या लिफ्टला आम्ही सगळे रांगेत होतो. तक्रार नोंदवल्याशिवाय बाहेर पडू नका, हे पुन्हा सांगते. देशांतर्गत प्रवासात बॅग १२ तासांच्या आत दिली नाही तर बॅगेचं शुल्क परत मिळायला हवं असा अमेरिकन परिवहन खात्याचा नियम आहे, पण त्यासाठी ती नोंद लागते. भाड्याच्या पावत्याही ठेवा.

कपडे

तीन थर. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. थर्मल लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं. सुती काही नको. आपल्याकडच्या पुरुषांना आत बनियन घालायची सवय असते आणि ती सुटता सुटत नाही. पण सुती बनियन घामानं भिजतं, वाळत नाही, आणि लिफ्टवर बसल्यावर तोच ओलावा अंगाला झोंबतो. घरातल्या पुरुषांच्या बॅगा तपासून बनियनं बाहेर काढा. जीन्स फक्त संध्याकाळी जेवायला जाण्यापुरती.

मोजे एकावर एक दोन घालायचे नाहीत. बुटात पाय आवळला की रक्त कमी खेळतं आणि पाय जास्तच गार पडतो. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा लोकरीचा मोजा पुरतो. मुलांना बोटांच्या हातमोज्यांऐवजी मिटन, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे, जास्त ऊबदार. आणि त्यांच्या दोन जोड्या हव्यातच, कारण दुपारपर्यंत पहिली ओली होते. हेल्मेटखाली जाड टोपी घालू नका, हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. मुलींच्या केसांची उंच पोनीटेल हेल्मेटला आडवी येते. मानेजवळ दोन खालच्या वेण्या घाला, क्लिपा काढा. गळ्यातलं लांब असेल तर कपड्यांच्या आत. लिफ्टला काहीही लोंबतं नको.

प्रत्येक मुलाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात आमचे फोन नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेलं कार्ड असतं. स्की स्कूल सुटल्यावर गर्दीत सगळी मुलं हेल्मेट-गॉगल्समध्ये एकसारखी दिसतात.

उंची आणि ऊन

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. पार्क सिटीचं गाव २,१०० मीटरच्या आसपास, आणि लिफ्टनं वर गेलात की ३,००० मीटर. एडिसन जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे सकाळी समुद्रसपाटीवरून निघून संध्याकाळी आपण कळसूबाईच्याही वर झोपतो. डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही, मुलं जेवायला नको म्हणतात. विमानात बसल्यापासूनच पाणी पाजत राहा. प्रत्येकाची रिकामी बाटली तपासणीतून नेऊन पलीकडे भरून घेते. पहिल्या दिवशी दुपारी दोनलाच थांबायचं आणि सोप्या उतारांवरच राहायचं. कोणाला सारखी उलटी होत असेल, चालताना झोक जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर तिथे थांबू नका, खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.

ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, आणि दर हजार मीटरला त्यांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ऊन खालूनही लागतं, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही सनस्क्रीन लावा. सावळ्या रंगाला लागत नाही हा गैरसमज आहे. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपर्यंतचीच बाटली चालते. मोठी असेल तर चेक-इनमध्ये. ओठांना दिवसा सनस्क्रीन असलेला बाम आणि रात्री कोकम तेलाचा गोळा. सासूबाई तो रत्नागिरीहून मागवून आणतात. घट्ट असल्यामुळे द्रवाच्या नियमात अडकत नाही, आणि त्या कोरड्या हवेत फुटलेल्या ओठांना, टाचांना त्याच्याइतकं दुसरं काही लागू पडलेलं मी पाहिलं नाही.

खाणं

डोंगरावरचं खाणं महाग आहे आणि शाकाहारी माणसाला तिथे फ्राइज आणि पिझ्झा यापलीकडे फारसं मिळत नाही. आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा घेतो. प्रवासासाठी दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू. डोंगरावर खिशात राजगिऱ्याची वडी आणि खजूर, कारण थंडीत ते कडक होऊन दात दुखवत नाहीत. भाजणी, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा मात्र चेक-इनमध्ये टाका. ३५० मिलिलिटरहून जास्त पूड हातात असेल तर ती वेगळी काढून तपासतात आणि मागे अख्खी रांग खोळंबते. लोणचं, तूप, पीनट बटर ही सगळी मंडळी द्रवात मोडतात, तीही खालीच.

एक छोटा प्रेशर कुकर मी नेतेच. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली लागते. कुकरच्या पोटात मसाल्याचा डबा, डाळ-तांदळाच्या पिशव्या, सगळं बसतं, त्यामुळे त्याची वेगळी जागा जात नाही. शिट्टी काढून आत ठेवा, नाहीतर बॅगेत कुठेतरी हरवते.

सासूबाई बरोबर असतील तेव्हा

आई स्की करत नाहीत, पण त्यांना गोंडोलातून, म्हणजे बंद डब्याच्या लिफ्टमधून वर जायला आणि नातवंडांना खाली येताना बघायला फार आवडतं. त्यांच्यासाठी महत्त्वाचे पाय. पार्किंगमधला गोठलेला बर्फ हा डोंगरापेक्षा जास्त पाडतो. बुटांवर चढवायचे रबरी, खाली लोखंडी दाते असलेले पट्टे मिळतात, ते घ्या. दुकानात आत शिरताना काढायचे, कारण फरशीवर ते घसरतात. सिल्कची साडी नको, थर्मलवर सलवार-कुडता आणि वर लांब कोट. आईंना ते सुरुवातीला पटलं नव्हतं, आता त्या स्वतःच मागतात. औषधं, चष्मा, जपमाळ त्यांच्या हातातल्या पिशवीत. आणि पासपोर्ट. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानालाही रिअल आयडी, म्हणजे अमेरिकन सरकारच्या निकषांत बसणारं, किंवा त्याच्या तोडीचं ओळखपत्र लागतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना त्यांचा पासपोर्ट चालतो, पण तो घरी कपाटात राहिला तर पंचाईत. उंचीवर जाण्याआधी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घेतो.

पुण्या-मुंबईहून गुलमर्गला जाणारे विचारतात, त्यांनाही थोडं सांगते. माझा भाऊ तिकडे जातो. भारतातल्या देशांतर्गत विमानांत साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, त्यात स्कीचा विचारच करू नका. बूट, स्की, पोल तिथेच भाड्यानं घ्या. बूट घालून दुकानातच पाच मिनिटं चालून बघा, टाच उचलली जात असेल तर दुसरे मागा. आपले मोजे, हातमोजे, गॉगल्स, थर्मल घरून न्या. दुसऱ्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवं.

गाडी आणि परतीचं सामान

भाड्याच्या गाडीला स्की रॅक असेलच असं धरू नका. १८० सेंटिमीटरची बॅग सेडानमध्ये मावत नाही. मागची सीट दोन भागांत दुमडणारी एसयूव्ही घ्या, मधून बॅग आडवी जाते आणि मुलं दोन्ही बाजूंना बसतात. टायर हिवाळी आहेत ना हे चावी घेतानाच विचारा. रात्री बूट गाडीत ठेवू नका. प्लास्टिक गारठून इतकं कडक होतं की सकाळी पाय आत जात नाही. खोलीत, पण हीटरला चिकटवून नाही, अस्तर बाहेर काढून वाळवा.

परतीला ओले कपडे जड होतात, त्यामुळे जाताना ४८ पाउंड भरलेली बॅग येताना ५२ भरू शकते. निघायच्या आदल्या रात्री मुक्कामाच्या जागी ड्रायर असेल तर सगळे थर फिरवून घ्या. वापरलेल्या गरम पुड्या तिथेच टाका. घरी पोचल्यावर कितीही उशीर झालेला असो, स्कीची बॅग त्याच रात्री उघडा, स्की बाहेर काढून कडा कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर दोन दिवसांत त्यांच्यावर गंज दिसतो. बुटांची अस्तरं काढून उभी ठेवा, आणि ती वाळली की बूट परत पहिल्या खाचेत बंद करून कपाटात.